पंख मोडल्याचं सोंग

टिटवीला सूड घ्यायचा होता, आणि ज्याच्यावर घ्यायचा तो माणूस दर रविवारी दुपारी तिच्या समोर बसून जेवायचा.

टिटवी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासते. तिथल्या मालकानं हे नाव ठेवलं. काटक्यांसारखे पाय, कडक आवाज, आणि आभाळ पडेल म्हणून ही नक्की पाय वर करून झोपत असणार, असं त्याचं म्हणणं. तिनं ते ऐकून घेतलं, हसलीसुद्धा, आणि मालकाच्या सासूचा चष्मा मात्र महिनाभर आज-उद्या करत लटकवला. सासूबाईंनी जावयाला पुरेसं ऐकवल्यावरच तो तयार झाला. राग आला की लगेच भांडून मोकळं होणाऱ्यांतली ती नाही. ती डूख धरते.

त्या मागच्या खोलीला खिडकी नाही. घासायचं चाक, त्यावर पडणारी पाण्याची बारीक धार, डोक्यावर ट्यूब, आणि नखांत कायमची बसलेली पांढरी भुकटी. तिथं दिवस काढणारी बाई उन्हाळा लागला की पहाटे सायकल काढते, यात नवल ते काय? उन्हाळ्यात आजूबाजूची तळी आटतात, काठ उघडे पडतात आणि गोट्यांवर चिखल्या येतात. चिखल्या म्हणजे मुठीत मावेल एवढा पक्षी, गळ्यात काळा पट्टा. घरटं असं बांधतच नाही. गोट्यांमध्ये खळगा करून त्यात गोट्यांच्याच रंगाची अंडी घालतो, आणि कुणी जवळ आलं की पंख मोडल्यासारखा लंगडत, फरफटत भलतीकडे पळत सुटतो. पाहणारा त्याच्या मागे लागतो, अंडी राहतात बाजूला. टिटवीनं हे सोंग पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काठावर बसून ती पोट धरून हसली होती. घरात असं कुणी हुशार असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

घर म्हणजे एक धाकटी बहीण, बस्स. आई गेली तेव्हा धाकटी शाळेत होती. तिला वाढवणं, शिकवणं, तिचं लग्न लावून देणं या गडबडीत टिटवीचं स्वतःचं लग्न राहून गेलं. त्याची रुखरुख तिनं कधी बोलून दाखवली नाही, कारण धाकटीच्या घरी रविवारचं ताट तिच्यासाठी मांडलेलं असायचं. जगात तिची वाट पाहणारं तेवढं एकच दार होतं.

त्या दारातच भाऊजी उभे. धाकटीचा नवरा, नळ आणि फरश्यांचं मोठं दुकान, तब्येतही दुकानाला शोभणारी.

"ताई, यांना ने ना गं तुझ्याबरोबर सायकलवर," धाकटी म्हणाली होती. "डॉक्टर म्हणतात, हालचाल पाहिजे."

टिटवीनं नेलं. ओळखी पटवून दिल्या, कुठे थांबायचं, किती लांब उभं राहायचं, सगळं शिकवलं. भाऊजी चार-दोन खेपा सायकलवर आले, मग गाडीतून येऊ लागले, मग त्यांनी हातभर लांबीचं भिंग लावलेला कॅमेरा घेतला. आणि मागच्या उन्हाळ्यात एके दिवशी टिटवी काचांच्या घाईत दुकानात अडकली असताना ते मित्रांच्या गाड्या भरभरून चिखल्यांच्या काठावर घेऊन गेले. पक्षी बसलेला असला की फोटोत मजा येत नाही, उडता पाहिजे, म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवत गोट्यांवरून धावाधाव केली. दुसऱ्या दिवशी टिटवी पोचली तेव्हा गोट्यांवर बुटांचे आणि चाकांचे ठसे होते आणि पिवळा बलक उन्हात वाळला होता. एक चिखल्या फुटलेल्या अंड्यावर बसून होता. त्याला उठवायला ती धजली नाही. सायकल आडवी टाकून तिथंच बसली आणि तोंडाला येतील त्या शिव्या देत रडली.

तो उडता चिखल्या आता फरश्यांच्या दुकानात, सोनेरी चौकटीत, गल्ल्यामागे टांगलेला आहे. त्याला कुठलंसं बक्षीसही मिळालं. टिटवीनं त्या रविवारी अंड्यांबद्दल विचारलं तर भाऊजी घास घेत म्हणाले, "कसली अंडी? आम्हाला तर काही दिसलं नाही." ते खोटंही बोलत नव्हते. त्यांना खरंच दिसलं नव्हतं, आणि तिला त्याचाच अधिक संताप आला. धाकटी समोर ताट घेऊन उभी होती. आपलेच दात, आपलेच ओठ. टिटवीनं घास गिळला आणि त्या घासाबरोबर डूखही गिळली.

यंदा चिखल्यांनी जागा बदलली. दुसऱ्या तळ्यावर, पडक्या पंपघराच्या उजवीकडे गोट्यांची एक लांब पट्टी पाण्यात शिरते, तिथं ते बसले. पंपघराच्या डावीकडे पांढरं, सपाट, वरून वाळलेलं मैदान आहे. बघणाऱ्याला वाटतं, इथं विमान उतरेल. पण पापुद्र्याखाली सगळा गाळ. टिटवीची सायकल एकदा तिथं मडगार्डपर्यंत रुतली होती. त्या मैदानाकडे बघता बघता तिला युक्ती सुचली, आणि सायकलवर घरी येईपर्यंत ती एकटीच हसत होती.

भाऊजींना सरळ सांगितलेलं काही पटत नसे. चोरून मिळालेलं मात्र ते पदराला गाठ मारून ठेवत. म्हणून रविवारी टिटवी स्वयंपाकघरात धाकटीजवळ सरकली आणि बाहेर ऐकू जाईल इतक्याच हळू आवाजात म्हणाली, "पंपघराच्या डावीकडे रोहित उतरलेत, फ्लेमिंगो गं, अख्खा थवा. गाडी थेट जवळ जाते. पण भाऊजींना बोलू नकोस हं. माझ्या गळ्याची शपथ."

न पाहिलेला पक्षी पाहिला म्हणणं ही टिटवीच्या लेखी चोरी. उभ्या जन्मात तिनं ती केली नव्हती. त्या दिवशी केली आणि वर दोन घास जास्त जेवली. बाहेर भाऊजी एकदम गप्प झाले होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताना टिटवी पंपघराच्या भिंतीआड बसली होती. गाडी आली, फाट्यावर क्षणभर थांबली आणि शहाण्यासारखी डावीकडे वळली. थोडं अंतर छान गेली. मग पुढून खाली बसली. भाऊजींनी जोर लावला तशी मागूनही बसली. ते उतरले, एक पाय गुडघ्यापर्यंत गेला, तो काढताना बूट आत राहिला. कॅमेऱ्याची पिशवी त्यांनी तान्ह्या पोरासारखी डोक्यावर धरली होती. रोहित सोडा, तिथं साधा कावळासुद्धा नव्हता.

टिटवीनं डबा उघडला आणि सावकाश खायला सुरुवात केली. प्रत्येक घासाला एक अंडं आठवत होती. रुता, म्हणत होती, अजून रुता. इतकं चवीनं ती कित्येक दिवसांत जेवली नव्हती.

भाऊजींनी फोन लावला. जरा वेळानं ट्रॅक्टरचा आवाज आला. येईना का, तिला वाटलं, आणखी फजिती. तळ्याकाठी भाजी पिकवणारा माणूस ट्रॅक्टर घेऊन फाट्यापाशी आला, त्यानं डावीकडे पाहिलं, मान हलवली आणि ट्रॅक्टर उजवीकडे वळवला. गोट्यांच्या पट्टीकडे.

टिटवीच्या हातून डबा पडला. ती धावत सुटली, सायकल ओढत नेली आणि ट्रॅक्टरसमोर आडवी टाकली.

"दादा, इकडून नको."

"मग कुठून, बाई? डावीकडं मीच बसेन. ही पट्टी टणक आहे, पुढं गेलं की गाडीपर्यंत दोर पोचतो."

खरंच होतं ते. सूड घेणारीनं डावीकडचा गाळ पाहिला, गाडी पाहिली, आणि गाडी काढायला कुणीतरी कुठून तरी येणार, एवढं मात्र पाहिलं नाही. कारण सांगायची सोय नव्हती. हा हाक मारून तिकडे सांगणार, आणि तिकडे कॅमेरा होता.

"ते माझ्या बहिणीचे यजमान आहेत," ती म्हणाली. "राहू दे त्यांना तिथंच."

ट्रॅक्टरवाल्यानं तिच्याकडे पाहिलं, गाळातल्या माणसाकडे पाहिलं.

"असं होय. घरच्या भांडणात ट्रॅक्टर घालायचा नसतो," तो म्हणाला. "पंपघराचे पत्रे पडलेत, ते चाकाखाली टाका. दमानं निघेल." आणि तो आल्या वाटेनं परत गेला.

मग काय, ज्याला रुतवलं त्यालाच काढायची पाळी. टिटवीनं पत्रे ओढत आणले, गाळात उतरली, हातांनी चाकं मोकळी केली. भाऊजी गाडी चालवत, ती मागून ढकलत. चिखल उडून तिच्या तोंडात गेला. ऊन डोक्यावर आलं तेव्हा गाडी घसरत, कण्हत फाट्यापाशी टणक जागेवर आली.

"ताई, तुम्ही देवासारख्या आलात," भाऊजी धापा टाकत म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. त्या काचा तिनंच घासल्या होत्या, आणि आता त्यांतून त्यांना चांगलं दिसायला लागलं होतं.

"पण तो ट्रॅक्टर तुम्ही का वळवलात?"

टिटवी हातांवरचा गाळ खरवडू लागली.

"त्या पट्टीवरून दोन मिनिटांचं काम होतं." ते उजवीकडे पाहू लागले. तिकडून चिखल्याची बारीक शीळ आली. भाऊजींचा हात पिशवीच्या चेनवर गेला. "तिथं आहे काय असं?"

"तिथं काही नाही," टिटवी म्हणाली. "मी मुद्दाम वळवला. तुम्हाला गाळात बघायचं होतं मला."

हात थांबला.

"रोहितांची थाप मीच मारली, तुम्हाला ऐकू जाईल अशी. भिंतीआड बसून बघत होते सगळं. डबा खात होते."

हे बोलताना तिला भीती वाटली नाही, उलट छाती मोकळी झाली. वर्षभर गिळलेलं तोंडावर बोलायला मिळालं होतं. भाऊजींचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला, आणि पट्टीबिट्टी ते साफ विसरले.

"का पण? मी काय वाईट केलंय तुमचं?"

उत्तर जिभेच्या टोकावर होतं. मागच्या उन्हाळ्यातला बलक, चाकांचे ठसे, फुटक्या अंड्यावर बसलेला तो वेडा पक्षी. पण अंडी म्हटलं की भाऊजी यंदाची अंडी शोधणार. इतके बावळट ते नव्हते. तिनं ओठ मिटून घेतले.

"कळलं मला," भाऊजी म्हणाले. "माझा फोटो. बक्षीस मला मिळालं ते पोटात दुखतंय तुमच्या. इतकी वर्षं तुम्ही सायकल हाणताय, आणि नाव झालं माझं."

टिटवीला त्यांचा गळा धरावासा वाटला. सगळं सांगून, कान धरून, त्यांना त्या वाळलेल्या बलकाच्या जागी उभं करावंसं वाटलं. मागे पुन्हा शीळ वाजली.

"हो," ती म्हणाली. "तसंच."

भाऊजी गाडीत बसले आणि धूळ उडवत थेट घरी गेले. टिटवी रस्त्यावर उभी राहिली ती गाडी दिसेनाशी होईपर्यंत.

संध्याकाळी ती चिखलाचे कपडे धूत असताना धाकटीचा फोन आला. धाकटी रडत होती.

"ताई, हे सांगतात ते खोटं आहे ना? तू सांग, मी तुझं ऐकीन. काही कारण असेल तर सांग."

धाकटीच्या पोटात कधी काही राहिलं नाही. लहानपणी खाऊ कुठे ठेवलाय तेसुद्धा ती समोरच्याला सांगून मोकळी व्हायची. टिटवीनं नळ बंद केला.

"कारण काही नाही गं. मला बघवलं नाही त्यांचं."

"एवढी जळतेस तू माझ्या नवऱ्यावर?"

"जळते."

मग धाकटी म्हणाली, "रविवारी येऊ नकोस," आणि तिनं फोन ठेवला.