आमचा श्रावण संपला नव्हता

माझा धाकटा भाऊ शिवराम म्हणजे एक नंबरचा बोलघेवडा. इथे उत्तरेत, संकठा घाटावरच्या मराठी भिक्षुकाच्या घरात जन्मून हा पठ्ठ्या वकीलसाहेबांची मोटार चालवायला लागला, तेव्हा आमच्या वडिलांनी, आप्पांनी, महिनाभर अबोला धरला. दोघांच्या वाटचं हा एकटाच बोलायचा! असा माणूस त्या वर्षी श्रावणी सोमवारी मौन धरू लागला, संध्याकाळी उपास सोडेपर्यंत. का, तर त्याच्या बायकोची, शरदिनीची, दोन बाळं पोटातच गेली होती आणि हे तिसरं सातव्या महिन्याला पोचलं होतं.

त्या सोमवारी वकीलसाहेबांनी मोटार दिली, म्हणून तिला डॉक्टरीणबाईंना दाखवून आम्ही परतत होतो. मी मागे तिच्याशेजारी. गोदौलियाच्या चौकात एक सांड आडवा आला, शिवरामने मोटार वळवली ती पानवाल्याच्या बाकड्यावर. कुणाला खरचटलंही नाही, पण दरोगा, म्हणजे इथला फौजदार, धावत आला. नव्या इंग्रज कप्तानाचा हुकूमच होता: मोटारवाला नशेत वाटला तर त्याला रस्त्यावर चालायला लावायचं, बोलायला लावायचं. नाही म्हणाला तर लायसन गेलं.

उपासाने शिवरामचे डोळे लाल झालेले. त्याने सरळ चालून दाखवलं, शिपायाने तोंडाचा वासही घेतला. पण दरोगा कसला ऐकतोय!

"भांग में बू कहाँ होती है? नाम बोल. बाप का नाम बोल. देखूँ, जबान लड़खड़ाती है कि नहीं."

शिवराम गप्प.

"सावन का सोमवार है, मौन है इसका!" मी ओरडले.

"सावन?" दरोगा हसला. "राखी को हफ्ता हो गया, माताजी. सावन तो गया."

मेल्याचं बरोबर होतं! इथल्या लोकांचा श्रावण पुनवेला संपतो, आम्हा मराठी लोकांचा पुढे अमावास्येपर्यंत चालतो. मी भर चौकात हे समजावत बसले आणि सगळे खो खो हसायला लागले. एका गावात दोन श्रावण म्हणे! अख्ख्या घराण्यालाच चढलीय, असंही कुणी म्हणालं. अस्सा संताप आला मला!

शिवराम घामाघूम झाला होता. बोलला तर व्रत मोडणार, न बोलला तर लायसन जाणार, नोकरी जाणार. व्रतही त्या बाळासाठी आणि नोकरीही त्याच्यासाठीच. त्याचे ओठ हलायचे आणि परत मिटायचे. मला बघवेना.

तेवढ्यात शरदिनी पोट सावरत मोटारीतून उतरली. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. तिनेही लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. ती दरोग्यासमोर उभी राहून मोठ्याने म्हणाली, "शिवराम नाम है इनका. शिवराम." मग नवऱ्याकडे वळली. "मी माझा नेम मोडला. आता तुम्ही बोला. देवाला काय सांगायचं ते दोघं मिळून सांगू."

"शिवराम काशीनाथ धामणकर," माझा भाऊ खणखणीत आवाजात म्हणाला. आणि मग थांबेचना! आजोबा, पणजोबा, गोत्र, प्रवर, शाखा, सगळं धडाधड म्हणत सुटला. शेवटी दरोग्यानेच हात जोडले. "बस, पंडितजी, बस! जाइए."

शिवरामने मोटार सुरू केली. मागे शरदिनी डोळे मिटून पोटावर हात ठेवून बसली होती. खोटं कशाला बोलू, मी देवाची माफी मागत रडत होते. पुढचे दोन महिने आमच्या घरात कुणाला धड झोप नव्हती.

कार्तिकात मुलगी झाली, बकुळ. चांगली ठणठणीत.

पुढच्या वर्षी, आमच्या श्रावणातल्या पहिल्या सोमवारी, मोडलेलं व्रत पुरं करायला शिवराम पुन्हा तोंड मिटून पाटावर बसला. बकुळ रांगत आली, त्याच्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि त्याच्या तोंडाकडे टकामका बघू लागली.

"अहो, बोला तिच्याशी," शरदिनी चुलीजवळून म्हणाली. "वाट बघतेय ती."

आणि तो बोलला.