दात राखणारा डॉक्टर

"पयलीं दांत, मागीर देव," असं म्हणून मास्तर वरच्या दोन पुढच्या दातांवर अंगठा दाबून बघायचे, आणि मगच छातीवर क्रूस काढून ट्रंपेट ओठांना लावायचे. आधी दात, मग देव. नवरदेव घोड्यावर घामाघूम झालेला असो, की मागून वऱ्हाडी बोंबलत असोत, हा क्रम कधी चुकला नाही. एकदा बालाजीच्या देवळासमोर एका म्हाताऱ्या भटजींनी हे ऐकलं आणि त्यांचं माथं भडकलं. "देवाच्या आंधी दात? हे कोन्तं शास्तर हो?" मास्तर शांतपणे म्हणाले, "देव वाजवत नाही, भटजीबुवा. दात वाजवतात."

मेहकरात त्यांना नावाने कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. बँडचे मास्तर, म्हणून मास्तर. रहीमचाचांच्या बँडची खोली आणि माझं शिंप्याचं दुकान यांच्यात एकच भिंत होती. बँडचे लाल कोट मी शिवायचो आणि त्यांच्या तालमी फुकटात ऐकायचो. फुकटात म्हणजे काय, डोकं उठायचं! ढोल, ताशा, झांजा, सगळे एकमेकांशी भांडण असल्यासारखे वाजायचे. पण मास्तरांनी एकट्याने सूर धरला की माझा मशीनवरचा पाय आपोआप थांबायचा. समोर गिऱ्हाईक उभं असलं तरी थांबायचा. गिऱ्हाईकही कान देऊन ऐकायचं.

मास्तर गोव्याचे. तुम्ही म्हणाल, गोवा काय लांब आहे? आज नसेल. पण तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि गोव्यात अजून पोर्तुगिजांचं राज्य होतं. सरहद्द बंद होती. म्हणजे आमचे मास्तर खरोखरीचे परदेशी. एका सर्कशीच्या बँडमधून ते इकडे आले, खामगावला ती सर्कस मोडली, जनावरं विकली गेली आणि वाजवणारे वाऱ्यावर सुटले. रहीमचाचांनी त्यांना तिथून मेहकरला आणलं. परदेशातला माणूस आपल्या गावच्या वरातीत वाजवतो, याची फुशारकी आम्ही लोणारपर्यंत मारायचो. मास्तरांना त्याचं काडीचं सुख नव्हतं. ज्वारीची भाकरी त्यांना घशाखाली उतरत नसे, आणि पैनगंगेतला मासा त्यांना मासा वाटत नसे. "गोड्या पाण्यातली भाजी," म्हणायचे.

घरची एकच गोष्ट ते कौतुकाने सांगायचे. आईची नव्हे, समुद्राची नव्हे. म्हापशाच्या दातांच्या डॉक्टरची! तरुणपणी कुठेतरी पडून त्यांचे पुढचे दात हलायला लागले होते. त्या डॉक्टरने ते बारीक तारेने शेजारच्या दातांना असे बांधून दिले, की मास्तर पुढे कित्येक वर्षं त्यांच्या जोरावर वाजवत राहिले. "तो दात काढायचा नाही, सायबा," मास्तर मला सांगायचे. "दाताची समजूत घालायचा."

त्या हिवाळ्यात ती तार तुटली.

आता ट्रंपेटचं कसं असतं, ते सांगतो. त्याचं पितळी तोंड ओठांवर रोवून बसतं, आणि ओठांच्या मागे भिंत म्हणून दात लागतात. भिंत हलली की सूर गेला. हे मला मास्तरांनी शिकवलं. सबंध मेहकरात हे दोघांनाच ठाऊक होतं, त्यांना आणि मला. बाकीच्यांना वाटायचं, फुंकायला काय लागतं, छाती लागते!

मास्तर डॉक्टर शोधायला निघाले. आठवडी बाजारात एक दातवाला बसायचा, काढलेल्या दातांची रास मांडून. मास्तरांनी ती रास पाहिली आणि तिथूनच परत फिरले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं आणि लगेच पकड मागवली. मास्तर खुर्चीतून उठले ते थेट माझ्या दुकानात. "काडपाक न्हय, सांबाळपाक जाय," असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. काढायला नको, सांभाळायला पाहिजे. पण हे सांगायचं कोणाला? गावात ज्याला त्याला इलाज ठाऊक. कोणी तुरटी दिली, कोणी लवंग, कोणी बाभळीची साल, आणि शेवटी सगळ्यांचं एकच. "दुखते काय? मंग काढून टाका न! कायले जीव लावता दाताले?"

आणि त्यांचं तरी काय चुकलं? आमच्याकडे दाताच्या दोनच अवस्था होत्या, दुखतो तो आणि काढला तो. हलणारा दात राखायचा असतो, हे आमच्या बापजाद्यांनी ऐकलेलं नव्हतं. आम्ही चांगला डॉक्टर म्हणायचो तो काढताना कळू न देणाऱ्याला.

माघात लोणारला एक लग्न होतं. मास्तर सकाळीच दुकानात येऊन स्टुलावर बसले आणि तोंड उघडलं. "तू शिंपी ना? मग बांध." मी म्हटलं, "मास्तर, याड लागलं काय तुमाले?" ते तोंड मिटेनात. शेवटी मी रेशमाचा दोरा घेतला, त्याला मेण चोळलं आणि हलणारे दात बाजूच्या घट्ट दातांना आठच्या आकड्यासारखे वेढे देत बांधले. आयुष्यभर मी कोट शिवले, सदरे शिवले, पण इतक्या जपून गाठ कधी मारली नाही. मास्तर डोळे मिटून बसले होते. मग त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

लोणारला ते जे वाजवून आले, त्याची तारीफ महिनाभर चालली. मी छाती फुगवून फिरत होतो. पण रेशीम ते रेशीम. भिजायचं, सैल व्हायचं, मी पुन्हा बांधायचो. हिरड्या सुजत चालल्या. दोनाचे चार दात हलू लागले. मास्तर जेवायचं सोडून कण्या पिऊ लागले आणि माझ्याकडे बघून म्हणू लागले, "सरहद्द उघडली असती तर म्हापशाला जाऊन आलो असतो, सायबा. एका दिवसाचं काम."

मग रहीमचाचांना पत्ता लागला. अकोल्याला एक दातांचे डॉक्टर होते. त्यांचा हात म्हणजे कापूस! चाचा जो भेटेल त्याला विचारत, आणि जो तो कानाला हात लावून सांगे, की त्यांच्यासारखा डॉक्टर वऱ्हाडात नाही. चाचांचं मास्तरांवर फार प्रेम होतं हो. स्वतःच्या भावासाठी केली नसती एवढी चौकशी त्यांनी केली, आणि एक दिवस नवा सदरा घालून मास्तरांना घेऊन एसटीत बसले. मास्तर जाताना हसत होते. चांगला डॉक्टर आहे, एवढंच त्यांनी ऐकलं होतं. मला मशीन सोडून जाता आलं नाही, उंद्रीच्या एका मोठ्या लग्नासाठी बँडचे कोट शिवायचे बाकी होते.

संध्याकाळी दोघं उतरले. चाचा लांबूनच हात हलवत आले. "अरे भाऊ, काय डॉक्टर हाये! हू नाई का चू नाई! मास्तरले कळलंच नाई!"

मास्तरांनी तोंडावर रुमाल धरला होता.

"काय कळलं नाई?" मी विचारलं.

"चारी काढले न बे! कवळी देनार हाये, मोत्यावानी."

मी कात्री खाली ठेवली. मास्तर त्यांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

मग चाचांकडून सगळं बाहेर काढलं. मास्तरांनी डॉक्टरांना सांगितलं होतं, ऐन वेळी मराठी सुचेना म्हणून आपल्या कोकणीत, हातवारे करून, की बांधून द्या. डॉक्टरांनी चाचांकडे पाहिलं. आणि चाचांनी समजुतीने सांगितलं, "साहेब, बाहेरगावचा मानूस हाये, घाबरते. तुमी करा बिनधास्त." बस, एवढंच. सुई टोचली, तोंड बधिर झालं. मास्तरांना वाटलं, आता बांधतील. त्या कापसाच्या हाताने चार दात कधी काढले ते मास्तरांना ताटलीत दिसले तेव्हाच कळलं.

मी चाचांवर असा ओरडलो, की रस्त्यावरची माणसं थांबली. "त्याईले राखाचे होते ते! दाताशिवाय पिपानी वाजन काय त्याईची?" चाचा दुकानाच्या फळीवर बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. "मी त्याईचं भलं कराले गेलो न रे. मले कोनी सांगतलं काऊन नाई?" सांगितलं होतं. मास्तरांनी रोज सांगितलं होतं. गावाला ते भ्यालेल्या माणसाचं बोलणं वाटलं.

मास्तरांनी चाचांना एक शब्द ऐकवला नाही. उलट मलाच दटावलं. "त्याला काही बोलू नको. त्याने चांगलाच डॉक्टर शोधला होता. तुमच्या गावचा चांगला."

कवळी आली, आणि खरोखर सुरेख होती. ती घालून मास्तर दहा वर्षांनी तरणे दिसायचे. उंद्रीच्या लग्नात ते ती लावून उभे राहिले. पहिला सूर निघाला आणि मध्येच फुटला. पितळी तोंड दाबलं की कवळी आत कलायची, सैल सोडलं की वारा बाजूने निसटायचा. वऱ्हाडी हसले. कोणीतरी ओरडलं, "मास्तर, जेवले नाई काय बे!" त्यांनी आणखी एकदा प्रयत्न केला. मग ट्रंपेट रुमालाने पुसून चाचांच्या हातात दिलं आणि झांजा उचलल्या. त्या दिवसानंतर मी ती कवळी त्यांच्या तोंडात पाहिली नाही.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात गोवा सुटला. हॉटेलातल्या रेडिओवर बातमी आली आणि अर्धं मेहकर बँडच्या खोलीपुढे जमा झालं. मास्तरांच्या गळ्यात हार घातले, तोंडात पेढे कोंबले. "तुमचं गाव सुटलं, मास्तर! आज त तुमीच वाजवा!" लोकांना काय ठाऊक? पुढे तिरंगा आणि मागे आमचा बँड अशी मिरवणूक निघाली. सरहद्द उघडली होती, म्हापशाचा रस्ता मोकळा झाला होता, आणि मास्तर आपल्या मुलखाच्या आनंदात झांजा वाजवत चालले होते. मला ते बघवेना. मी मधूनच घरी निघून गेलो आणि जेवलो नाही.

"आता जाऊन या घरी," मी त्यांना नंतर किती वेळा म्हटलं.

"काय घेऊन जाऊ?" ते म्हणायचे. "गेलो तेव्हा वाजवत गेलो होतो. आई दारातच सांगेल, वाजव म्हणून."

पुढे त्यांच्याने झांजाही होईनात. ते माझ्या दुकानात बसून काज-बटणं करू लागले. पायजमा, सदरा, डोक्यावर टोपी, गाल आत गेलेले. कोणी म्हटलं नसतं, हा माणूस इथला नाही.

उन्हाळ्यात एका दुपारी एक तरुण दुकानाशी आला. धुळीने माखलेला, हातात पिशवी. बँडच्या खोलीला कुलूप होतं, सगळे लग्नाची सुपारी वाजवायला गेले होते. त्याने अडखळत एक नाव घेतलं. मेहकरात ते नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "ट्रंपेट वाजवतो. सर्कशीतून इकडे आला असं कळलं. माझा मावसभाऊ. मी पाळण्यात होतो तेव्हा तो घरातून गेला."

मी तोंड उघडलं होतं. शेजारी काज करत बसलेल्या मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी ते मिटलं.

हातातला सदरा खाली न ठेवता ते म्हणाले, "तो गेला न भाऊ."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून आमची बोली मी कधी ऐकली नव्हती. आज त्यांनी एक कोकणी शब्द येऊ दिला नाही.

"गेला? कुठे?"

"वारला. तापात. चांगला मानूस होता."

तो पोरगा फळीवर बसला. मी त्याला पाणी दिलं. पेला खाली ठेवून तो म्हणाला, "मावशी म्हणते, एकदा दारात येऊन वाजवू दे, मग मी मरायला मोकळी. आता तिला काय सांगू?"

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं. आईचं काही त्याच्या चेहऱ्यात सापडतं का, हे शोधत असावेत.

"सांगजा तिले," ते म्हणाले, "आखरीपर्यंत वाजवत होता. लय झकास वाजवे."

जाताना त्या पोराने पिशवी त्यांच्याच पुढे ठेवली. मास्तरांच्या आईने लेकासाठी केलेल्या नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंज्या, होत्या, परत नेऊन काय करू, म्हणाला. मास्तरांनी त्या दोन्ही हातांनी घेतल्या आणि "बरं, बापू" एवढंच म्हणाले. तो एसटीकडे वळला, तेव्हा मी मास्तरांचा दंड धरला आणि म्हटलं, अजून वेळ आहे, हाक मारा. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मला रडू आवरेना. ते मात्र सदऱ्याचं राहिलेलं बटण लावू लागले.

काही वर्षांनी मास्तर मेहकरातच वारले. चाचांनी आणि मी मिळून सगळं केलं. गोव्याला कळवायचं का, असं चाचांनी विचारलं, तेव्हा मी नको म्हटलं. तिकडच्यांच्या लेखी ते केव्हाच गेले होते.