वाळवंटातल्या कुरडया आणि नगरपालिकेची नोटीस

मे महिन्यात ॲरिझोनाला जाऊ नये. हे वाचून कुणी जायचं ठरवत असेल, तर माझा पहिला सल्ला हाच. आम्ही गेलो, कारण सुमनताईंचा फोन आला.

"निशाच्या लग्नाचं रुखवत करतेय. कुरडया घालायच्यात. तुझा पितळी सोऱ्या घेऊन ये."

"पोस्टाने पाठवू का?"

"सोऱ्या येईल गं पोस्टाने. दाबायला हात येतील का?"

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. लग्न जूनमध्ये, कॅलिफोर्नियात, आमच्या सांता क्लारातच होतं. पण इथलं ऊन म्हणजे आग्रहाशिवाय पुढे केलेला चहा. गरम असतो, मनापासून नसतो. सुमनताई आणि त्यांचे यजमान माधवराव राहायचे फीनिक्सच्या पूर्वेला, वाळवंटात नव्याने आखलेल्या उपनगरात. तिथलं ऊन अंगावर धावून येतं. कुरडयांना असंच लागतं.

शनिवारी पहाटे आमची स्टेशन वॅगन निघाली. पाच नंबरचा हायवे इतका सरळ की स्टिअरिंग फक्त हात टेकायला असतं. वेगमर्यादा पंचावन्न मैल, आणि माझा नवरा श्रीकांत ती एकादशीसारखी पाळतो. लॉस एंजेलिसच्या अलीकडे मोठा घाट आहे. तिथे चढताना एसी बंद ठेवा, रेडिएटरसाठी पाणी जवळ असू द्या. खायला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्या. हायवेवरच्या रेस्टॉरंटमध्ये मी 'नो मीट' सांगून सॅलड मागवलं, तर वर बेकनचा चुरा. वेट्रेस मला समजावत म्हणाली, "हनी, दॅट्स जस्ट फॉर फ्लेवर."

रात्री राज्याच्या सीमेवर मोटेल घेतलं. पंचवीसेक डॉलर, आणि एसीचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा. झोप नाही, पण गारवा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. उपनगर म्हणजे एकाच घराच्या शेकडो प्रती. काही अंगणांत हिरवळ, काहींत नुसती खडी, आणि काहींत हिरव्या रंगाने रंगवलेली खडी. टेबलावर नगरपालिकेचं मासिक पत्रक पडलं होतं. त्यातल्या बातम्या: रंगवलेल्या खडीला हिरवळ म्हणावं का, यावर कौन्सिलमध्ये मंगळवारी चर्चा. वाचनालयाच्या पायरीवर सापडलेलं कासव मालकाने ओळख पटवून घेऊन जावं. कासवाने मालक ओळखायचा की मालकाने कासव, याचा खुलासा नव्हता.

सुमनताईंनी आधीच भिजवून ठेवलेले गहू रात्री वाटताना मिक्सर जळला, पण सोमवारी उजाडताच चीक शिजवला. सोऱ्यावर मी, चादरीवर सुमनताई. पांढऱ्या, गुलाबी, हिरव्या कुरडया ड्राइव्हवेभर फुलल्या. मागच्या अंगणात अर्ध्यात स्विमिंग पूल आणि अर्ध्यात झाडांची सावली, म्हणून पुढे. दहाच्या सुमाराला नगरपालिकेचा इन्स्पेक्टर आला. हाफपँट, अदबशीर आवाज, हातात नोटीस. रस्त्यावरून दिसेल असं सामान उघड्यावर ठेवायला बंदी होती, आणि शेजारच्या हॅरल्डने तक्रार केली होती. पक्षी येतील आणि त्याच्या गाडीवर घाण करतील म्हणून.

"कौन्सिलपुढे बोला," इन्स्पेक्टर म्हणाला. "उद्या संध्याकाळपर्यंत मी काही पाहिलं नाही."

निशा दारात उभी होती. मुलगी हुशार, पण मराठी प्रश्नाला इंग्रजी उत्तर देणारी. "थँक गॉड! आई, नोबडी पुट्स नूडल्स ऑन डिस्प्ले ॲट अ वेडिंग."

सुमनताईंनी चादरीची सुरकुती काढली. ती आत गेल्यावर म्हणाल्या, "नोटिशीचं काही नाही गं. पोरीलाच नकोय, तर वाळवू कुणासाठी?"

कौन्सिल भरायचं शाळेच्या कॅफेटेरियात, शाल लागेल इतक्या गारव्यात. महापौर दिवसा टायर विकत. रंगीत खडीवर घमासान होऊन निर्णय पुढे ढकलला गेला, आणि आमची पाळी आली. प्रत्येकाला तीन मिनिटं. माधवराव इंजिनियर, पण मूळचे पुण्याचे. त्यांनी व्यासपीठाचे आभार मानले, मग उपस्थितांचे, मग सूर्याकडे वळले. सौर ऊर्जा आणि प्राचीन संस्कृती इथपर्यंत येतात तोच घंटी वाजली.

"अहो, मी अजून विषयावर आलोच नाही!" ते चक्क मराठीत ओरडले.

"आपलं लग्नही असंच ठरलं होतं," सुमनताई पुटपुटल्या आणि मला हाताला धरून स्वतः माइकपाशी गेल्या. "सर, धिस इज फॉर डॉटर्स मॅरेज. ईटिंग लेटर. फर्स्ट सीइंग."

"सीइंग बाय हूम?" महापौरांनी विचारलं.

"मुलाकडचे," सुमनताईंनी सांगितलं. इंग्रजी शब्द त्यांना सुचेना, मलाही सुचेना.

"द ग्रूम्स फॅमिली," मागून आवाज आला. निशा उठून पुढे आली. तिने इंग्रजीत सांगितलं, की आमच्यात मुलीची आई हे लग्नात मांडते. घरातल्या हातांना काय काय येतं ते लोकांनी बघावं म्हणून. मग क्षणभर थांबून म्हणाली, "इट्स डेकोरेशन. फॉर माय वेडिंग."

सुमनताईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

कौन्सिलच्या वकिलाने नियम उलटून पाहिले. सणासमारंभाच्या सजावटीला महिनाभर सूट होती. अट एकच: सजावट नीटनेटकी आणि रस्त्याच्या दिशेने हवी. एका सदस्याने दिवे लावणार का, एवढंच विचारलं. ठराव एकमताने मंजूर.

बुधवारी सकाळी बघतो तर हॅरल्ड ड्राइव्हवेच्या कडेला खुर्ची टाकून बसलेला, मांडीवर पाण्याचं पिस्तूल. सुमनताईंनी त्याला बेसनाचा लाडू दिला. "नॉट वन बर्ड, मॅम," तो म्हणाला. आणि खरंच, शुक्रवारपर्यंत एकही नाही.

परतताना कुरडया केकच्या खोक्यांत, मागच्या सीटवर पट्टे बांधून. घाटात थोड्या मोडल्या. त्या घरी येऊन तळल्या. उत्तम फुलल्या.

हिशोब करायचा तर पेट्रोल, मोटेल, जळलेला मिक्सर, भाजलेली मान. तेवढ्यात दुकानातून चार लग्नांचं रुखवत आलं असतं, इथे मिळत असतं तर.

लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये रुखवताभोवती गर्दी होती. मुलाच्या काकूंनी एक गुलाबी कुरडई उचलून पारखली. "दिसायला छान आहेत. कुठून मागवल्या?"

शालू सावरत निशा पुढे झाली. तिने ती कुरडई त्यांच्या हातातून अलगद घेतली आणि परत जागेवर ठेवली.

"मागवल्या नाहीत, काकू," ती मराठीत म्हणाली. "आमच्या दारात वाळवल्यात."

सुमनताई पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्या वळल्या नाहीत. समोरच्या, आधीच सरळ असलेल्या पापडांची चळत मात्र बराच वेळ सरळ करत राहिल्या.