बदलीवर आलेला देव

या सदरातले अनुभव नात मला वाचून दाखवते आणि मी प्रत्येकात खोट काढतो. पांढरं काही दिसलं — धुकं असेल. माळ्यावर पावलं वाजली — उंदीर. आयुष्यभर जमीन मोजायचं काम केलं. जे मोजता येत नाही ते माझ्या लेखी नव्हतंच. मुंजीनंतर देवापुढे हात जोडल्याचं आठवत नाही. तेव्हा मी इथे लिहायला बसलोय याचं नातीला फार हसू येतंय... येऊ दे.

छप्पन साली नागपूरची राजधानी गेली आणि फायलींबरोबर आम्हीही भोपाळला आलो. मी सरकारी ओव्हरसियर, वय पंचवीस. बरोबर बायको, कुसुम. आमचा पहिला मुलगा नागपुरात तापाने गेला होता, दीड वर्षाचा होऊन. त्या दिवशी तिने देव्हाऱ्यातले सगळे देव एका पत्र्याच्या डब्यात घातले. तो डबा भोपाळला आला, पण उघडला नाही. तीही तशीच. विचारलं तेवढ्याचं उत्तर, तेही पुटपुटल्यासारखं. शेजारणी मला विचारायच्या, "भाभीजी बोलती नहीं हैं क्या?" मी देव न मानणारा, पण संध्याकाळी घरात दिवा लागत नाही याचा त्रास मलाच जास्त व्हायचा. तिला कधी म्हटलं नाही.

आज इंद्रपुरी आहे त्या बाजूला तेव्हा नुसतं माळरान होतं. मोठा कारखाना येणार म्हणून आम्ही उन्हातान्हात उंची मोजत हिंडायचो. तिथे एका जुन्या बांधीव विहिरीजवळ मी खुणेचा दगड रोवला. दोन हात जमिनीत, खाली चुन्याचं काँक्रीट. लांबून दिसावा म्हणून उरलासुरला लाल रंग वर फासला. विहिरीच्या पायरीवर छिन्नीने खूण केली, टेप लावला आणि वहीत नोंद केली — विहिरीपासून सव्वीस फूट.

चूक झाली ती लाल रंगाची. आठ दिवसांनी पाहतो तर दगडापुढे फुटका नारळ आणि तांदूळ. बैतूलकडून मजुरीला आलेल्या गोंड बायकांचा उद्योग. त्यांच्यात फुलमती म्हणून एक होती, तिचं सगळ्या ऐकायच्या. मी तिला गाठलं.

"अरे बाई, ये पत्थर मैंने गाड़ा है. रंग भी मेरा है."

"मालूम है साब. हमारे सामने ही तो गाड़ा."

"फिर?"

"हमारा बड़ादेव गाँव में है, साजा के पेड़ में. वो तो साथ आया नहीं. ये भी हमारे जैसा बाहर से आया है, इसको भी यहीं रहना है. तो इसी को बता देते हैं."

घरी येऊन मी हे कुसुमला हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. "म्हणजे बदलीवर आलेला देव," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून माझा डबा घेऊन ती स्वतः साइटवर यायला लागली. डबा माझ्या हातात द्यायचा आणि फुलमतीशेजारी दगडापाशी जाऊन बसायचं. दोघींना एकमेकींचं बोलणं अर्धंमुर्धंच कळायचं. फुलमतीचंही एक मूल गेलं होतं, हे मला फार उशिरा समजलं.

मग रस्ता आला. विहिरीपासून अठ्ठावीस फुटांपर्यंत रस्त्याची हद्द. साहेब म्हणाले, "वो पत्थर नाप लो. अंदर है तो उखाड़ो, बाहर है तो पड़ा रहने दो." वहीत सव्वीस, म्हणजे उखडायचा. तरी नियम म्हणून पुन्हा मोजायला गेलो, तर टेप धरणारा माणूस रजेवर. कुसुम नेमकी डबा घेऊन आलेली. दगड का मोजतोय ते तिला सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. विहिरीवर वाकायची तिला भीती, म्हणून शून्याचं टोक मी खुणेवर धरलं. "दगडाशी कितीचा आकडा येतो ते वाच," म्हटलं.

ती वाकली. बराच वेळ वाकून राहिली.

"एकतीस," ती म्हणाली... खणखणीत. खडी फोडणाऱ्या बायकांनी वळून पाहिलं.

हाताखालच्या माणसांना माझा एकच धडा असायचा — वाचणाऱ्यावर विसंबू नका, जाऊन आकडा पाहा. मी गेलो नाही. विहिरीपाशीच वही काढली, एकतीस लिहिलं, खाली सही केली. रस्त्याची कड आखायला चुन्याची फक्की मारायच्या दिवशी दुसऱ्याला पाठवलं. आठवडाभर वाटायचं, आता बोंब होते, मग होते. काहीच झालं नाही. रस्ता झाला, दगड कडेला राहिला. फुलमतीच्या माणसांनी दगडाला गुपचूप वळसा घातला असेल, असं मी धरून चाललो. त्याच महिन्यात पत्र्याचा डबा उघडला आणि आमच्या घरात दिवा लागला.

पुढे दोन मुलं झाली, घर झालं, आम्ही इथलेच झालो. दर सोमवारी ती दगडाला फूल वाहायची आणि मी कोपऱ्यावर स्कूटर घेऊन उभा. जवळ कधी गेलो नाही. गेलो असतो तर डोळ्यांनीच मोजलं असतं, सवय वाईट.

शेवटच्या आजारात एका दुपारी ती म्हणाली, "अहो, एक सांगायचं राहिलंय. तेव्हा सव्वीसच होते. टेपवर बोट ठेवून पाहिलं होतं मी. तोंडाला आला तो आकडा सांगितला."

"मला वाटलंच होतं."

"मग लिहिलंत कसं? तुम्ही?"

"नागपूर सोडल्यापासून तू पहिल्यांदा मोठ्यानं बोलली होतीस."

तिने माझा हात धरून ठेवला.

ती गेली. दिवसवार झाले, पाहुणे पांगले, आणि मला त्या नोंदीने छळायला सुरुवात केली. आयुष्यात एकच खोटी नोंद, ती दुरुस्त करून टाकावी. जुनी वही, टेप आणि पेन घेऊन मी सकाळी रिक्षाने निघालो. विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे, पण पायरी तीच, माझी खूणही तीच. शून्य खुणेवर धरायला शेजारच्या चहावाल्याला बसवलं आणि दगडाशी मी वाकलो.

एकतीस.

चष्मा पुसला. पुन्हा ताणला. मग जागा बदलून चहावाल्याला वाचायला लावलं. "इकतीस है बाबूजी, पूरा."

नात म्हणते, मधल्या काळात कुणीतरी हलवला असेल. हलवला असेल बुवा. पण काँक्रीटमधून उपटून नेमका तेवढाच? तिच्या तोंडाला आलेला आकडा त्या बायकांनी ऐकला असेल, पण तो नेमका कुठून मोजायचा हे त्यांना माहीत नव्हतं, आणि वही माझ्या कपाटात. पहिल्यांदा मी सव्वीस मोजले होते, तिनेही सव्वीसच पाहिले होते. नोंद होती तशीच ठेवलीय.

त्या सकाळी हातसुद्धा जोडायचं सुचलं नाही मला. टेप गुंडाळला आणि भरभर निघालो — रिक्षासुद्धा केली नाही — कधी एकदा घरी जातो आणि कुसुमला सांगतो, की तू खोटं बोलली नव्हतीस. कुलूप काढेपर्यंत लक्षातच आलं नाही.