आत्याला रस्ता विचारला

रत्नागिरीच्या माणसाने समुद्र बघायला रजा काढावी, यावर आमच्या कारखान्यात दोन दिवस माझी यथेच्छ चेष्टा झाली. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. गावातल्याच पांढऱ्या समुद्रावर चटई टाकून बस, पेट्रोल वाचेल, असा सल्ला मला चहाच्या सुट्टीत तीन जणांनी वेगवेगळा दिला.

पण मला जायचं होतं ते जिल्ह्याच्या उत्तरेला. तिकडचा किनारा आमच्यासारखा सरळ नाही. रस्त्याला समुद्र दिसला रे दिसला की रस्ता दचकून डोंगरावर चढतो, मोठ्या मुश्किलीने खाली उतरला की पुढे खाडी आडवी. मग गाडी फेरीबोटीत घालायची, पलीकडे उतरायचं, पुन्हा कातळ, पुन्हा वळणं. इतकी वर्षं इथे राहून तो किनारा मी सलग कधी पाहिला नव्हता. जे पाहिलं होतं ते कोणाच्या तरी लग्नाला जाताना, मागच्या सीटवर आहेराची भांडी मांडीवर घेऊन.

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत जाऊया, म्हणाली, पण तिची एक अट होती. ती तिने भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता सांगितली.

“मला दोन दिवस कोणाच्याही स्वयंपाकघरात जायचं नाही. आपल्याही नाही आणि नातेवाइकांच्याही नाही. कोणीतरी चहा आणून द्यावा आणि मी समुद्राकडे बघत तो गार करावा. एवढंच.”

एवढंच हे तिला वाटत होतं. आमच्याकडे ज्या गावात आपलं माणूस आहे त्या गावात लॉजवर उतरणं म्हणजे त्या माणसाच्या तोंडावर दार आपटण्यासारखं असतं. पुढची दहा वर्षं प्रत्येक मुंजीत ते ऐकावं लागतं. त्यामुळे सव्वीस वर्षांच्या संसारात आम्ही गेलो ते नातेवाइकांकडेच, आणि तिथे पोचल्यावर मी ओटीवर बसलो नि ती पदर खोचून आत गेली. मी ओटीवर बसून म्हणायचो, काय मस्त हवा आहे इथे.

तेव्हा या खेपेला कोणालाही न सांगता जायचं ठरलं. दापोलीजवळ कर्द्याला समुद्रासमोरच्या एका लॉजमध्ये खोली सांगून ठेवली आणि मी आराखडा करायला बसलो. मला आराखड्यांची फार हौस. मुलाचे जुने स्केचपेन शोधून काढले, भरती-ओहोटीच्या वेळा निळ्याने लिहिल्या, फेरीबोटीच्या लालने. पहिल्या आराखड्यात आम्ही जयगडला बोटीत चढायच्या अर्धा तास आधीच खाडीपलीकडच्या गुहागरला पोचलो होतो. बायकोने ते दाखवून दिलं. मी म्हटलं, कच्चा आहे अजून.

तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण बोटीतून पलीकडे तवसाळला उतरल्यावर पुढचा रस्ता पावसाने कितपत खाल्लाय, ही शंका मला स्वस्थ बसू देईना. आणि त्या रस्त्यावर माझी सख्खी आत्या राहते. आता कोणीही शहाणा माणूस काय करेल? नकाशात बघेल, बोटीवाल्यांना विचारेल. मी आत्याला फोन केला. सावधगिरी म्हणून मी माझ्यासाठी विचारत नसून कारखान्यातला एक मित्र तिकडे येणार आहे, असं सांगितलं. ही युक्ती मला इतकी आवडली होती की फोन लावताना मी हसत होतो.

आत्या म्हणाली, रस्ता बरा आहे, मित्राला आपल्याकडेच जेवायला पाठव. मी म्हटलं, त्याला घाई आहे. ती म्हणाली, घाई असली तरी पोट असेल ना त्याला. मग तिने मित्राचं गाव विचारलं, मासे खातो का विचारलं, बायकोला घेऊन येतोय का विचारलं. मी एकेक उत्तर बनवत गेलो. मित्राला मी शाकाहारी केला, त्याच्या बायकोला गुडघेदुखी दिली. आत्या सगळं शांतपणे ऐकून घेत होती.

“मेल्या,” ती शेवटी म्हणाली, “हा मित्र तूच ना रे?”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? लहानपणी तिनेच माझे सगळे खोटे ताप पकडले होते.

संध्याकाळपर्यंत ही बातमी खाड्या ओलांडून पार केळशीला गेली. तिला फेरीबोट लागत नाही. दापोलीच्या चुलतभावाचा फोन आला: आत्याकडे जाताय, आमचं घर काय वाळीत टाकलंय का? पाठोपाठ केळशीहून बायकोच्या मामांचा. ते रागावले नाहीत, हेच वाईट. एवढंच म्हणाले, हल्ली मोठी झाली माणसं, म्हाताऱ्यांच्या दारावरून गाडी सरळ जाते. मी प्रत्येकाला सांगितलं, छे छे, तुमच्याकडे तर येणारच होतो. दोन दिवसांत आमची चार जेवणं आणि दोन मुक्काम ठरले, आणि लॉजला आराखड्यात जागाच उरली नाही.

हे बायकोला सांगायचं राहिलं. सांगायचं राहिलं म्हणजे मी चार दिवस सांगितलं नाही. ती नवीन चप्पल घेऊन आली, वाळूत बरी पडेल म्हणून, तेव्हाही मी छान आहे म्हटलं आणि पेपर वाचायला घेतला. तो आदल्या दिवशीचा होता.

पाचव्या दिवशी आत्याने थेट तिलाच फोन केला. मी समोरच होतो. बायको हो, हो, बरं म्हणत होती. मग फोन ठेवून माझ्याकडे वळली.

“आत्या म्हणतात, येताना तुझी विळी घेऊन ये. त्यांची बोथट झालीये. वीस माणसांचं खोबरं खवायचं आहे.”

ती रडली असती तर मी समजूत घातली असती. भांडली असती तर आवाज चढवून मोकळा झालो असतो. तिने माझा रंगीत आराखडा मागून घेतला, पूर्ण वाचला, अगदी भरतीच्या वेळांसकट, आणि मला परत दिला. मग म्हणाली, मी त्या लॉजवर उतरणार. बाकी जिथे जिथे शब्द दिलाय तिथे तुम्ही जा. आणि मी का आले नाही ते तुम्हीच सांगायचं. तब्येत बरी नाही म्हणायचं नाही, शाळेचं काम आहे म्हणायचं नाही. आहे ते सांगायचं.

ही शेवटची अट मला सगळ्यात जड गेली. मी जेवणं रद्द करायचाही प्रयत्न केला, पण मामा मनाला लावून घेतील हे तिलाच बघवेना. आत्याचं जेवण मी परतीच्या वाटेवर ढकललं, भावाला चहावर आणलं. वाटेतल्या दोन्ही खाड्या आम्ही पार केल्या. कडे होते, खाली फेसाळणारं पाणी होतं, जे बघायला निघालो ते सगळं होतं. मी मात्र मामांपुढे बोलायचं वाक्य जुळवत होतो. कर्द्याला तिची बॅग खोलीत ठेवली. ती व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसली, आणि मी एकटा केळशीच्या रस्त्याला लागलो. आंजर्ल्यापर्यंत वाक्याच्या चार आवृत्त्या झाल्या होत्या.

मामा ओटीवरच उभे होते. त्यांनी गाडीच्या दुसऱ्या दाराकडे पाहिलं, मग मागच्या सीटकडे.

“जावईबापू, आमची भाची कुठे आहे?”

चारही आवृत्त्या विसरलो. मी म्हटलं, ती कर्द्याला लॉजवर आहे. तिला दोन दिवस कोणाच्या स्वयंपाकघरात जायचं नाहीये. मीच तुम्हाला कळवलं नाही.

मामा खांबाला धरून अंगणाकडे बघत राहिले. मला वाटलं, संपलं, आता पुढच्या पिढीपर्यंत हे चालणार. आत भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला. मामी हात पुसत दारात आल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, माझ्याशी कधी चार वाक्यांवर बोलल्या नव्हत्या.

“त्या खोलीत पलंग किती आहेत?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, दोन.

त्या आत गेल्या आणि कापडी पिशवी घेऊन बाहेर आल्या. भात झालाय, आमटीला फोडणी तेवढी द्यायची आहे, असं मामांना सांगून त्या गाडीत जाऊन बसल्या. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे सगळं मीच घडवून आणलंय. मी दार लावून घेतलं आणि गाडी पुन्हा त्याच वळणांवर घातली.

मामींना कर्द्याला सोडून परत आलो तेव्हा मामा स्वयंपाकघरात ओट्यापुढे उभे होते, हातात मोहरीचा डबा घेऊन. आधी तेल की आधी मोहरी, त्यांनी मला विचारलं. मी आत्याला फोन लावायला खिशात हात घातला, आणि काढून घेतला.