परबदादांनी बाद केलेली पिन

परबदादा गेल्याचं कळलं तेव्हा मी जुहूच्या विमानतळावर आमच्या हेलिकॉप्टरात बसून पट्टा आवळत होतो. अंधेरीतल्या औषधांच्या दुकानातून ऑफिसात फोन आला होता. कारकून धावत आला आणि म्हणाला, "उतरा साहेब... परबदादा गेले. सकाळी छातीत कळ आली, डॉक्टर येईपर्यंत संपलं." मी उतरलो. त्या दिवशी उड्डाण झालं नाही. त्याला आता सहा आठवडे होतील.

भिकाजी परब आमच्या लहानशा कंपनीतले मेकॅनिक आणि मी वैमानिक. ते मूळचे मालवणकडचे. आधी गिरणीत फिटर होते, मग युद्धाच्या काळात विमानांच्या कामाला लागले आणि तिथेच सगळं शिकले. डाव्या हाताचं मधलं बोट अर्धंच होतं. ते गिरणीत गेलं. ज्या फिरत्या दांड्याला ते रोज तेल घालत, तो एका सकाळी काही कारण नसताना तुटला होता. आदल्याच दिवशी त्यावरून फडकं फिरवलं होतं, साधा ओरखडा लागला नव्हता. "माणूस दमलो की सांगता," ते म्हणायचे, "लोखांड सांगणा नाय."

हेलिकॉप्टर म्हणजे तेव्हा मुंबईत नवलाईच. आम्ही उतरलो की माणसं हातातली कामं टाकून धावत यायची. त्यांना डोक्यावरची मोठी पाती दिसायची. पात्यांना मध्यभागी धरून ठेवणाऱ्या पोलादी पिना कुणाला दिसत नसत. दर फेऱ्याला पातं त्या पिनेला हिसका देतं, मिनिटाला शेकडो वेळा. म्हणून मशीन बनवणाऱ्यांनीच पिनेचं आयुष्य तासांत ठरवून दिलेलं असतं. तेवढे तास भरले की ती कितीही चकचकीत दिसो, काढून टाकायची. परबदादा प्रत्येक भागाचे तास एका कार्डावर लिहीत आणि त्या कार्डांना कुणाला हात लावू देत नसत.

गोरेगावच्या एका स्टुडिओनं चित्रीकरणासाठी आमचं मशीन ठरवलं, त्याच आठवड्यात एका पिनेचे तास भरले. नवी पिन बोटीवर होती आणि बोटीचा पत्ता नव्हता. मला नायकाचे कपडे घालून सेटवरून अगदी कमी उंचीवर उडायचं होतं, खाली शे-दीडशे माणसांची गर्दी. शिंप्यानं माझं मापही घेतलं होतं. बायकोनं पार्ल्याच्या आमच्या चाळीत घरोघर सांगून ठेवलं होतं... खोटं कशाला बोलू, मी हवेतच होतो.

"चार तासांचं काम आहे, परब," मॅनेजर म्हणाले. "चार तासांत असं काय होणार आहे?"

"काय होतला ता माका ठावक नाय. म्हणानच काढतंय."

मला राहवलं नाही. "उडणार मी आहे ना? तुम्ही जमिनीवर उभे राहणार, तरी एवढे घाबरता! साफ भित्रे आहात, परब."

सगळ्या हँगरला ऐकू जाईल असं बोललो होतो. परबदादा शिडीवर चढले आणि पिन काढून घेऊन खाली आले. मॅनेजर संतापून म्हणाले, "ठीक आहे. उद्या दुसरा माणूस आणून हीच पिन परत बसवून घेतो." तेव्हा परबदादा सरळ ग्राइंडरपाशी गेले. ठिणग्या उडाल्या. पिनेला दोन रुंद खाचा पाडून त्यांनी ती मॅनेजरांच्या टेबलावर आणून ठेवली. अजून गरम होती. खालचा कागद करपला.

"आता कोणच बसवूचो नाय," ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी त्यांना घरी बसवलं. स्टुडिओनं काम रद्द केलं. माझा कोट शिंप्याकडेच राहिला. पार्ल्याहून अंधेरी ती केवढीशी लांब, पण मी त्यांच्याकडे फिरकलो नाही.

महिन्याभरानं पिन आली, पण ती बसवून सही करायला कुणी पुढे येईना. शेवटी मॅनेजरांनी निरोप पाठवला. परबदादा रजेवरून आल्यासारखे आले, शर्ट काढून खुंटीला लावला आणि दोन दिवसांत काम पुरं केलं. चाचणीच्या सकाळी मी माझ्या जागी बसलो, तर ते शेजारच्या सीटवर चढत होते.

"तुम्ही कुठे निघालात?"

"बसवलंय मी. तू एकटो कित्याक जाशीत?"

त्यांनी मला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं. आम्ही वर गेलो. किनाऱ्यावरच्या माडांच्या वर पोचल्यावर मी शेजारी पाहिलं. डोळे गच्च मिटलेले, दोन्ही हातांनी सीटखालची दांडी धरलेली, ओठ हलताहेत. या माणसाला उंचीची भीती होती! इतकी वर्षं विमानांत, हेलिकॉप्टरात हात घातले, पण कधी वर गेले नव्हते.

"दादा, बघा तरी, वेसावा दिसतोय," मी ओरडलो.

"माका नको. तू बघ."

उतरल्यावर चाकाशेजारीच त्यांना उलटी झाली. तोंड पुसून ते शिडी लावून पिन बघायला वर चढले. ते खाली आल्यावर मी म्हणालो, "दादा, त्या दिवशी मी जे बोललो..."

"आधी पाणी दे," ते म्हणाले. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

त्यानंतर असा भाग बदलला की दर वेळी ते माझ्याबरोबर वर आले, दर वेळी डोळे मिटून. त्या जुन्या पिनेत खरंच चीर होती का, मला माहीत नाही. त्यांनाही कधी कळलं नाही. पण माझी मोठी मुलगी आता शाळेत जाते, धाकटी बोलायला लागली आहे, आणि संध्याकाळी जिना चढताना दोघींचं भांडण ऐकू आलं की मला परबदादा आठवतात.

दिवसकार्य झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. अंधेरीत विहिरीला लागून दोन खोल्या. वहिनींनी चहा ठेवला. स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं ओळी लिहिल्या होत्या : स्टोव्हचा वॉशर, कंदिलाची वात, विहिरीचा दोर... प्रत्येकापुढे बदलायची तारीख. वहिनींनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"आज दोर बदलूचो आसा," त्या म्हणाल्या. नवं वेटोळं खुंटीला टांगलेलं होतं. दादांनीच आणून ठेवलेलं.

मी विहिरीवर गेलो. जुना दोर चांगला घट्ट होता. तो सोडला, नवा कप्पीवर घातला, गाठ मारून दोनदा ओढून पाहिली. वहिनींनी पहिली बादली काढली. मग खडू माझ्या हातात दिला.

"दादा दोराला किती महिने द्यायचे?"

"सहा."

मी बोटांवर मोजले आणि दादांच्या अक्षराखाली पुढची तारीख लिहिली.