कुंभारणीचा चिखल

दुष्काळाच्या त्या वर्षी आमच्या घरात एकच जीव पाण्याला तोटा नसल्यासारखा वागत होता, ती म्हणजे कुंभारीण माशी. ट्यूबलाइटच्या पट्टीवर तिचं मातीचं घर चाललं होतं. तोंडात चिखलाची गोळी धरून यायची, गुणगुणत लिंपायची, लगेच परत. आई एरवी झुरळ दिसलं की चप्पल शोधायची, मुंग्यांना हळदीची रेघ ओढायची. पण कुंभारणीच्या घराला हात लावू द्यायची नाही. "ती घर बांधते तिथं बरकत येते," म्हणायची. बरकतीचं राहू द्या, मला प्रश्न पडला होता तो हा की ही बया ओला चिखल आणते कुठून?

कारण सगळं कोरडं ठणठणीत होतं. आमच्या नव्या वसाहतीतली बांधकामंसुद्धा पाण्यावाचून थांबली होती. टँकर आला की अंगणातला अर्धा जमिनीत बांधलेला हौद भरून घ्यायचा आणि ते पाणी आम्ही आणि वरच्या खोलीतल्या भाडेकरू काकूंनी मिळून पुरवायचं. काकू सोयगावकडच्या, काका शेंद्र्याला कारखान्यात जायचे. हौद मात्र पुरेना. झाकण उघडावं तर पाणी खाली गेलेलं. आईला खात्री होती, काकू दिवसभर धुणी धुतात. मग बाबांनी झाकणाला कुलूप लावलं आणि दोन्ही घरांना मोजून पाणी द्यायला लागले. तरीही पाणी उतरलं, तेव्हा आईला वाटलं, काकूंनी दुसरी किल्ली करून घेतली! संशयाचं भूत एकदा मानगुटीवर बसलं की असंच होतं. शेवटी बाबांनी काकांना महिनाअखेर खोली सोडायला सांगितलं.

याच दिवसांत आम्ही घोळीची भाजी खात होतो. हौदामागं गाजरगवत माजलं होतं आणि त्याच्या बुडाशी घोळ, चांगली लालसर देठांची, रसरशीत. मंडईत हिरवं काही बघायला मिळत नव्हतं, म्हणून आई तीच खुडून डाळ घालून करायची. बाबा ताट पुसून घेत म्हणायचे, "बघा, देवाला काळजी!"

एका दुपारी मी कुंभारणीचा पिच्छाच पुरवला. ती खिडकीतून सुटली की मी अंगणात धावायची आणि ती हरवायची. पुन्हा घरात येऊन तिची वाट बघायची. असं कितीदा झालं कोण जाणे. शेवटी ती गाजरगवतात शिरताना दिसली. हाताला खाज सुटली तरी गवत बाजूला केलं. ती घोळीच्या मुळाशी बसून गोळी वळत होती. मी बोट टेकवलं, तर ते गार चिखलात रुतलं. हौदाची भिंत तिथंच तडकली होती.

मी ओरडून सगळ्यांना बोलावलं. आईनं कपाळावर हात मारला. "म्हणजे आपण हौदच खात होतो की!" बाबा हसायला लागले आणि मध्येच थांबले. जिन्यात काकू कळशी घेऊन उभ्या होत्या.

"वहिनी, चूक झाली आमची," बाबा म्हणाले. "तुम्ही कुठं जायचं नाही."

"नाय भाऊ. तुमाला कळलं, लई झालं," काकू म्हणाल्या. "पर आता वंजळभर पाणी पेलं तरी कुणीतरी बघतंय असं वाटतंय मला."

मला रडू आलं. मला वाटलं होतं, भेग सापडली म्हणजे सगळं मिटलं. महिनाअखेरीस ते दोघं शेंद्र्याला राहायला गेले.

दुसऱ्या दिवशी आई वरची खोली झाडायला गेली आणि तिनं आम्हाला हाक मारली. कोपऱ्यात आमचंच जुनं पिंप होतं, वापरायला दिलेलं. तोंडाला धुतलेलं फडकं बांधलेलं, आत काठोकाठ पाणी. काकूंनी आपल्या वाटणीचं वाचवून मागं ठेवलं होतं. ते पाणी आम्ही प्यायलो. टाकून देण्यासारखे दिवस नव्हते.